बांगड्या नसलेले हात

जालन्याच्या जाहिरातवाल्याने मला पहिला प्रश्न विचारला तो बजेटचा. मी म्हटलं, "मोबाइलचं रिचार्ज मारलेलं आहे." तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला. मग त्याने समजावून सांगितलं, की ऑनलाइन दागिने विकायचे तर एक गोरी, नाकीडोळी नीटस मुलगी पाहिजे, चांगला कॅमेरा पाहिजे आणि दर महिन्याला जाहिरातीचा खर्च पाहिजे. त्याचा चहा पिऊन मी मंठ्याच्या बसमध्ये बसले. रस्ताभर माझं डोकं तापलेलं होतं. गोरी मुलगी म्हणे! आमच्या अख्ख्या गल्लीत एक गोरी नाही, आणि दागिने तर सगळ्याच घालतात.

घरी आल्यावर मी माझी स्वतःची जाहिरात कंपनी काढली. तांब्यात ज्वारी भरून तिच्यात मोबाइल उभा रोवला, की तो बिलकुल हलत नाही. खाली माझ्या लग्नातल्या शालूचा पदर अंथरायचा. सकाळी दारातून उजेड आत येतो तोवर फोटो काढून घ्यायचे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटतात, मी टिकलीएवढे मोत्याचे कानातले वाटले आणि पुडीवर आमचा नंबर घातला. बचत गटांच्या ग्रुपवर तेच कानातले घातलेल्या बायकांचे फोटो फिरले आणि ऑर्डरी सुरू झाल्या.

त्या सगळ्या पुड्या आत्याबाईंनी बांधल्या होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. बाहेरच्या खोलीत हळदीकुंकू चाललं होतं आणि त्या आत बसून पुड्या बांधत होत्या. विधवा बाईला हळदीकुंकवात कोण बसवतं? त्यांना बाहेर बोलवावं हे मला सुचलंसुद्धा नाही. आज लिहिताना त्याची लाज वाटते.

खरं तर धंद्याचं भांडवल म्हणजे त्यांचे हातच. शहागडच्या माहेरी शेजारी एक पटवेकरीण होती, दागिने ओवून देणारी. तिच्याकडे बसून त्या लहानपणीच शिकल्या. मंगळसूत्राची काळी पोत त्या अशी ओवतात की मणी मण्याला चिकटून बसतो, मधे दोरा दिसत नाही. ठुशी, नथ, झुमके मी बाहेरून तयार आणते, पण पोत मात्र आमच्या घरची. लग्नाच्या ऑर्डरी त्या पोतीलाच येत. वाट्या लोकांनी आपल्या सोनाराकडून आणायच्या, पोत आमच्याकडून न्यायची.

कुणीतरी सांगितलं, की काम करतानाचे हात दाखवा, लोक ते बघत बसतात. पहिला व्हिडिओ मी माझ्या हातांचा केला. माझ्या बांगड्यांची किणकिण एवढी आली की दुसरं काही ऐकूच येईना. म्हणून मग आत्याबाईंचे हात घेतले. मोकळी मनगटं, काळे मणी, शालूचा लाल पदर. कसला देखणा व्हिडिओ झाला होता! मी स्वतःवरच खूश होते.

दुसऱ्या दिवशी घनसावंगीकडच्या एका गावातून फोन आला. पुतणीच्या लग्नासाठी पोत सांगितलेली एक बाई होती.

"ते व्हिडिओतले हात कुणाचे?"

"माझ्या सासूबाईंचे."

"सवाशीण हाईत का?"

"का हो?" मी विचारलं. तेवढ्यावरून ती समजली.

"मंग राहू द्या बाई. लग्नाचं काम हाय. नवरीची पोत सवाशिणीच्याच हातची लागती."

मला वाटलं होतं मी किणकिण काढून टाकली. लोकांनी मनगट वाचलं. दोन दिवसांत बचत गटांच्या ग्रुपवर तो व्हिडिओ पुन्हा फिरला, पण आता त्याच्याखाली नाक मुरडणं होतं. लग्नाच्या चार ऑर्डरी गेल्या. शेजारणीने उपाय सांगितला, "म्हातारीला व्हिडिओपुरत्या हिरव्या बांगड्या घाल की. कोण बघायला येऊन राह्यलं?"

आणि मी, शहाणी, बांगड्या आणायला गेले.

बाजारात आमची बांगडीवाली चाची बसते. तिने माझा हात पाहिला, मग मी मागितलेलं माप ऐकलं. "ये माप तेरा नहीं," ती म्हणाली. मी सगळं सांगून टाकलं. चाची आधी हसली आणि मग भडकली. "मेरा आदमी गुजरे कू बारा साल हुए. मंठे की आधी दुल्हनां मेरे हाथ से चूड़ा भरतीं. मेरे कू तो किसी ने नहीं पूछा!"

खरंच की. इतकी वर्षं नवऱ्या मुली चाचीच्या हातात हात देतात, आया कौतुकाने बघत उभ्या राहतात, आणि कुणाच्या मनात शंका येत नाही. कारण चाची त्यांच्या घरातली नाही. अपशकुन फक्त घरच्या बाईचा लागतो, बाहेरचीचा लागत नाही, असं हे शास्त्र. तरीही मी बांगड्या घेऊनच आले. धंदा बुडत होता, आणि मी घाबरले होते.

आत्याबाईंसमोर मी बांगड्या ठेवल्या. त्यांनी एक उचलली, उजेडात धरली, परत ठेवली.

"फोडताना मला कुणी इचारलं न्हवतं," त्या म्हणाल्या. "तू घालताना इचारून राह्यली, बरं केलं. मंग ऐक. न्हाई. हात दाखवायचे तर असेच दाखव. न्हाई तर तुझं तू ओव."

मी माझं मी ओवून पाहिलं. पोत अशी ढिली झाली की माझी मलाच दया आली. आत्याबाई लांबून बघत होत्या आणि तोंड दाबून हसत होत्या. तेव्हा मात्र मला राग आला, तो नाक मुरडणाऱ्या बायकांवर. जी पोत ओवायला दुसरं कुणाला जमत नाही तिच्यात खोट कसली काढता? मी तांब्यात मोबाइल रोवला आणि म्हटलं, "आत्याबाई, तुमचं तुम्हीच सांगा."

त्यांनी ओवता ओवता सांगितलं, मान वर न करता. "हे हात माझे हाईत. मालक जाऊन सोळा वर्षं झाली. ह्याच हातानं पोराला वाढवलं, त्याचं लगीन केलं, त्याच्या बायकोची पोत बी मीच ओवली. ती नांदून राह्यली बराबर. पोत पसंत आसंल तर घ्या. नसंल तर ऱ्हाऊ द्या."

माझी पोत त्यांनी ओवली होती, हे मला त्या दिवशी कळलं. लग्नात कुणाला कळू न देता ओवली होती.

व्हिडिओ मी तसाच टाकला. शिव्या भरपूर आल्या. धंद्यासाठी सासूचं कपाळ विकायला काढलं, असंही एकाने लिहिलं. नवरा संध्याकाळी जालन्याहून कामावरून आला, व्हिडिओ दोनदा बघितला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे तो. काढू नको." आणि हो, जाहिरातच होती ती. मी दागिने विकते, जाहिरात करणार नाही तर काय करणार? पण तिच्यात एक शब्द खोटा नव्हता. अशी जाहिरात त्या जालनेवाल्याने करून दाखवावी.

आठवड्याने फोन आला तो त्याच घनसावंगीकडच्या घरातून. या वेळी नवरी मुलगी स्वतः बोलत होती. ऑर्डर तिच्या चुलतीने मोडली होती. "मला तीच पोत पाहिजे," ती म्हणाली, "त्याच आजींच्या हातची." मग म्हणाली, "माझे वडील न्हाईत. मम्मीला मांडवात मागं बसवणार हाईत." मी फोन आत्याबाईंना दिला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "पार्सल न्हाई पाठवणार. न्यायला ये. येताना आईला घेऊन ये."

दोघी जीपने आल्या. आई दाराजवळच अंग चोरून बसली. आत्याबाईंनी मण्यांचं ताट तिच्यापुढे सरकवलं.

"ओवा."

"मी? मी कशी ओवू, मावशी? माझं तिथं काय काम?"

"पोरीच्या फीसाठी कापूस येचला तवा हे हात चालले ना? मंग ओवा. मी दाखवते."

कापूस वेचून बाईची बोटं खरखरीत झालेली. पहिले मणी निसटून फरशीवर पळाले, आम्ही चौघींनी गुडघ्यांवर बसून ते गोळा केले. मग हळूहळू दोरा भरायला लागला. मुलगी आईच्या हातांकडे बघत होती आणि नाक ओढत होती. मी सवयीने तांब्यात मोबाइल रोवला आणि कॅमेरा खाली, हातांवर रोखला.

"तोंड येणार नाही, काळजी करू नका," मी म्हटलं. "नुसते हात घेते."

बाईने दोरा थांबवला. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघितलं.

"येऊ द्या की तोंड," ती म्हणाली. "लगीन माझ्या लेकीचं हाय. मी का म्हणून लपू?"