न मांडलेली उपसूचना

ब्रह्मदेवाने सृष्टी निर्माण करायला घेतली तेव्हा माझ्या बायकोचे मामा तिथे हजर असते, तर ते काम अजून पुरं झालं नसतं. डोंगर-नद्यांचा विषय निघताच त्यांनी बोट वर करून विचारलं असतं, “याला सूचक कोण? अनुमोदक कोण?” आणि पाठोपाठ डासांचा उल्लेख वगळावा अशी उपसूचना टाकली असती. ती मंजूर झाली असती तर आमच्या भागावर उपकारच झाले असते, हे मात्र कबूल करायला हवं. मामा नगरसेवक आहेत. तेही अपक्ष, कारण पक्षात गेलं की हात कधी वर करायचा ते दुसरा ठरवतो, असं त्यांचं म्हणणं. नगरपालिका कुठली ते सांगत नाही. अंबरनाथ-बदलापूरच्या बाजूची समजा. मी त्याच नगरपालिकेत सभालिपिक आहे, म्हणजे सभेत कोण काय बोललं ते लिहून इतिवृत्त तयार करणारा माणूस, आणि पुढे जे सांगणार आहे ते माझ्या नोकरीला शोभणारं नाही.

मामांची आणि माझी पहिली भेट माझ्या लग्नाच्या बैठकीत झाली. मामा मूळचे चामटोलीचे, घरची भातशेती. बैठक त्यांच्या ओटीवर होती. पोहे यायच्या आत मामांनी दोन्ही बाजूंच्या हातात विषयपत्रिका ठेवली. विषय क्रमांक एक, मुलामुलीची पसंती. विषय क्रमांक दोन, मानपान. आमच्या आत्याने नेहमीच्या रिवाजाने “बाकी काय, तुमच्या हौसेनं करा” असं म्हटलं, तर मामा म्हणाले, “हौसेनं म्हणजे नेमकं काय, ते लिहून घेऊ. मागाहून रुसवे नकोत.” शेवटी सर्वांच्या सह्या झाल्या. घरी आल्यावर माझे वडील म्हणाले, “स्थळ चांगलं आहे, पण ह्या माणसाच्या वाऱ्याला उभं राहू नकोस.” त्यांचं हे म्हणणं मला पाळता आलं नाही, कारण ज्या कारकुनाने त्या माणसाचं बोलणं सरकारी कागदावर उतरवायचं तो मीच होतो.

घरातसुद्धा मामांचा कारभार असाच. रविवारी मटण की मासळी, हा ठराव मामा मांडायचे आणि मामी चुलीपाशी बसून, मागे न बघता, “माझं अनुमोदन” म्हणायच्या. लग्नाला तीसेक वर्षं झाली, पण मामींनी स्वतःहून कधी काही सुचवलेलं नाही, असा मामांचा दावा होता. मामींचं म्हणणं वेगळं होतं. “मी बोलायच्या आत यांचा ठराव तयार असतो, मग मी कशाला तोंड दुखवू?” असं त्या माझ्या बायकोला हळूच सांगायच्या.

सभागृहात मामा मला ओळखत नसत. घरी मी जावईबापू, पण नगरपालिकेच्या पायऱ्या चढलं की “लिपिक साहेब”. माझ्या टेबलावरचा चहाही त्यांनी कधी घेतला नाही. नातेवाइकाच्या टेबलावर बसून चहा पिणं हा हितसंबंध झाला म्हणे. प्रत्येक ठरावात ते काहीतरी शोधून काढत. “गटाराचे काम तातडीने करावे” असा ठराव आला की मामांचं बोट वर. “तातडीने म्हणजे कधी? तारीख घाला.” नगराध्यक्षा कपाळाला हात लावायच्या, मागच्या बाकावरून कुणीतरी “काका, जाऊ द्या ना, जेवण थंड होतंय” म्हणायचं, पण तारीख पडायची आणि गटार त्या तारखेच्या आसपास खरोखर साफ व्हायचं. दर सभेचा पहिला विषय असतो मागील सभेचं इतिवृत्त कायम करणं. ते कुणी वाचत नाही. “वाचले समजून कायम” असा एकच गजर होतो. वाचायचे फक्त मामा, लाल पेन्सिल घेऊन, आणि दर वेळी माझ्या एक-दोन तरी चुका भर सभेत वाचून दाखवायचे. मी त्यांना मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या आहेत त्या इथे लिहीत नाही.

मामांचा एकुलता एक मुलगा, निलेश, सैन्यात होता. हे सभागृहात कुणाला ठाऊक नव्हतं. मुलगा काय करतो विचारलं की मामा “उत्तरेत नोकरीला” एवढंच सांगत. निवडणुकीच्या वेळी मीच एकदा म्हणालो होतो, पत्रकात निलेशचा वर्दीतला फोटो टाकू या. मामा इतके रागावले की दोन महिने माझ्याशी घरीसुद्धा “लिपिक साहेब” म्हणून बोलत होते. पोराच्या वर्दीवर त्यांना मतं नको होती.

आणि मग सीमेवर लढाई पेटली. गावात मोबाइल घेऊन बसलेला प्रत्येक जण सेनापती झाला. निलेशचा फोन बंद झाला. मामी सोमवारी अंबरनाथच्या शिवमंदिरात जात असत, त्या आता रोज जाऊ लागल्या. त्याच आठवड्यात नगरपालिकेने खास सभा बोलावली, विषय एकच, सैन्याला पाठिंब्याचा ठराव. ठराव मांडणारा एक तरुण, हौशी नगरसेवक होता. त्याने आधी उल्हासनगरहून फ्लेक्स छापून आणला आणि मग फ्लेक्सवरचाच मजकूर ठराव म्हणून माझ्याकडे टाइप करायला दिला. वर सगळ्या नगरसेवकांचे हात जोडलेले फोटो, खाली मोठ्या अक्षरात, “रक्ताच्या शेवटच्या थेंबापर्यंत लढा, हे शहर तुमच्या पाठीशी आहे.” मीही तो निमूट टाइप केला. बायकोचा मामेभाऊ तिकडे असताना त्या ओळीने माझा हात एकदाही अडखळला नाही, ही गोष्ट मला आजही खाते.

सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मामांनी मला घरी बोलावलं. विषयपत्रिका पाटावर पडली होती. मामी समोर बसल्या होत्या आणि, मामांच्या भाषेत सांगायचं तर, त्यांनी आयुष्यातली पहिली उपसूचना मांडली होती.

“शेवटच्या थेंबापर्यंत कशाला?” मामी मला म्हणाल्या. “थोडं रगत त्याच्या अंगात राहू द्या ना. सगळं सांडून कसा येईल घरी? एवढी माणसं बसून लिवतात, पोरगा घरी यावा असं एकानं पण लिवलं नाय.”

मामांनी खिशातून चिठ्ठी काढून मला दिली. त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, “‘रक्ताच्या शेवटच्या थेंबापर्यंत लढा’ हे शब्द वगळून त्याऐवजी ‘आपले काम करून सुखरूप घरी परत या’ हे शब्द घालावेत.” खाली सूचक म्हणून मामींचं नाव होतं, अनुमोदक म्हणून मामांचं.

“उद्या मांडा ना मग,” मी म्हणालो.

“मला मांडता येत नाही. माझा हितसंबंध आहे.”

“अहो मामा, तो नियम ठेक्यांसाठी आहे. ज्याला पैशाचा फायदा होतो त्याच्यासाठी.”

“माणसाचं फक्त पैशातच अडकतं काय? माझं सगळं त्यात अडकलंय. मी कसा मत देऊ?” मग मान खाली घालून म्हणाले, “दुसऱ्या कुणी मांडली तर बघा.”

मामांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली आणि शेवटची गोष्ट. दुसऱ्या दिवशी सभेच्या आधी मी ती चिठ्ठी त्या हौशी नगरसेवकाला दाखवली, नावं दुमडून. तो वाईट माणूस नव्हता. त्याने वाचली, मान हलवली आणि म्हणाला, “बात तो सही आहे, पण फ्लेक्स छापून लटकलाय ना चौकात. आता मॅटर कसा चेंज करणार? आणि घरी या म्हटलं तर लोक बोलतील, हे घाबरले.” आणखी दोघांना विचारलं. दोघांनी फ्लेक्सकडे बोट दाखवलं.

सभा सुरू झाली. भाषणं झाली, टेबलं बडवून झाली. ज्यांनी स्टेशनच्या पलीकडे कधी पाऊल टाकलं नाही ते शत्रूच्या राजधानीपर्यंत जाऊन आले. मामा त्यांच्या खुर्चीत गप्प बसून होते, म्हणून सगळे वळून वळून त्यांच्याकडे बघत होते. ठराव मताला टाकायच्या आत ते उठले. “अध्यक्ष महोदया, या विषयात माझा थेट हितसंबंध आहे. मला बाहेर जायची परवानगी असावी.” मागून आवाज आला, “काय काका, मिलिटरीचं काँट्रॅक्ट घेतलं काय?” सभागृह खो खो हसलं. मामा व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. दाराच्या फटीतून मला त्यांची पाठ दिसत होती. ठराव एकमताने मंजूर झाला.

इतिवृत्त लिहायला बसलो तेव्हा ती चिठ्ठी माझ्या खिशातच होती. नोकरीला एकोणीस वर्षं झाली, मी कधी खोटा शब्द लिहिला नव्हता. त्या दुपारी लिहिला. ठरावाच्या मजकुरात शेवटचा थेंब गाळला आणि त्याजागी लिहिलं, “उपसूचनेनुसार, आपले काम करून सुखरूप घरी परत या.” कुणी वाचणार नव्हतंच. वाचणारा एकच होता आणि तो लाल पेन्सिल फिरवणार याची मला खात्री होती. फिरवली असती तर माझी चौकशी लागली असती, पण निदान ते शब्द एकदा सभागृहात मोठ्याने वाचले गेले असते.

त्यानंतर आठ दिवसांनी निलेश आला, पण तिरंग्यात गुंडाळून. चामटोलीला माणसं मावेनात. चौकात नवा फ्लेक्स लागला, त्याच दुकानातला, तेच हात जोडलेले फोटो, मध्ये निलेश. मिलिटरीच्या काँट्रॅक्टवरून विनोद करणारा नगरसेवक मामांच्या पायाशी बसून रडला. मामाच त्याची पाठ थोपटत होते. मामी एका जागी बसून होत्या आणि कुणी काही विचारलं की फक्त “हो” म्हणत होत्या.

पुढच्या सभेला मामा येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. ते आले, खिशाला लाल पेन्सिल लावून. आधी दुखवट्याचा ठराव होता. नगराध्यक्षा उभ्या राहिल्या, तसे मामाही उभे राहिले आणि म्हणाले, “या विषयात माझा हितसंबंध आहे.” आणि बाहेर गेले. त्या दिवशी कुणी हसलं नाही. आम्ही आत दोन मिनिटं उभे होतो, ते व्हरांड्यात उभे होते.

ते परत येऊन बसल्यावर इतिवृत्ताचा विषय निघाला. “वाचले समजून कायम” म्हणायचं कुणाला सुचलं नाही. सगळे मामांकडे बघत राहिले. मामांनी पानं उलटली. पेन्सिल एका ओळीवर थांबली. ते पुन्हा पुन्हा तीच ओळ वाचत असावेत. मग उठून म्हणाले, “इतिवृत्त मी वाचलं आहे. दुरुस्ती नाही.”

सभा संपल्यावर ते माझ्या टेबलाशी आले आणि समोरच्या खुर्चीत बसले.

“जावईबापू,” ते म्हणाले. त्या इमारतीत त्यांनी मला अशी हाक कधीच मारली नव्हती. “त्या उपसूचनेखाली सूचक-अनुमोदकाची नावं नाहीत. नियमात बसत नाही.”

“चुकलो मामा. काढून टाकू का ती ओळ?”

त्यांनी माझ्या टेबलावरचे कागद सारखे केले. “सूचक घरी आहे,” ते म्हणाले, “अनुमोदक इथे बसलाय. राहू द्या.” मग त्यांनी माझा निवलेला चहा स्वतःकडे ओढला आणि सगळा प्यायले.

मामा अजून दर सभेला येतात. वेळेवर येतात, सही करतात, शेवटपर्यंत बसतात. बोट मात्र वर होत नाही. सभा आता तासाभरात आटोपतात आणि सगळ्यांना जेवण गरम मिळतं. परवा एका गटाराच्या ठरावात मी मुद्दाम “तातडीने” हा शब्द घातला, तारीख न घालता. नगराध्यक्षांनी ठराव वाचला. मी लिहिणं थांबवून मामांकडे बघत राहिलो. ते खिडकीतून व्हरांड्याकडे बघत होते. तातडीने म्हणजे कधी, हे कुणीच विचारलं नाही.