विसाव्या दिवसाची नोंद

चाळिशीत बालशिक्षणाची पदविका घ्यायचं खूळ माझंच. दहिसरच्या एका बालवाडीत सराव आणि शनिवारी अंधेरीला वर्ग. सगळ्यात जास्त गुण निरीक्षणवहीला होते. एकच मूल निवडायचं, तीस दिवस त्याच्याकडे बघायचं आणि रोज लिहायचं. मी साडेतीन वर्षांची एक मुलगी निवडली, कारण ती गप्प असायची. म्हटलं, शांत पोर आहे, डोक्याला ताप नाही.

ती खरंच एक शब्द बोलली नाही. हाक मारली तरी वळायची नाही. मी लिहिलं, 'लाजाळू आहे.' पंधरा दिवस तेच ते लिहून मला कंटाळा आला. त्यात वर्गातल्या मॅडम म्हणाल्या, "वहीत प्रगती दिसली पाहिजे हं." मग एका दुपारी घरी चहा पीत मी उरलेले पंधरा दिवस एका बैठकीत लिहून टाकले. विसाव्या दिवशी बाहुलीला आंघोळ घालताना ती म्हणाली, 'माझी बाहुली.' मॅडमनी ते पान सगळ्यांना वाचून दाखवलं. पदविका पहिल्या श्रेणीत मिळाली.

पालकसभेला बालवाडीच्या मुख्य बाईंनी माझी वही कौतुकाने टेबलावर मांडली. त्या मुलीच्या आईने ती उभ्याउभ्याच वाचली.

"टीचर, बोलली ही? घरी तर एक अक्षर नाय काढत! उद्या कानाची टेस्ट होती, आता कॅन्सलच करते."

तिने आनंदाने मुलीला मागून हाक मारली. मुलगी ठोकळे रचत राहिली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. लाज वाटली, इतकी की तिच्या आईकडे बघवेना.

"टेस्ट करून घ्या," मी म्हणाले. "खात्री केलेली बरी." वहीतलं खोटं आहे, एवढं मात्र तोंडातून निघालं नाही.

आठवड्याने आई रिपोर्ट घेऊन आली. मुलीला दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, मशीन लावावं लागणार होतं. आता ही मला जाब विचारणार, असं मला वाटलं. विचारायलाच हवा होता. तिने माझा हात धरला.

"तरी तुम्ही तिला बोलतं केलंत, टीचर. आम्ही घरी, ऐकत नाही म्हणून धपाटे घालत बसलो. आमचंच चुकलं."

"असं नका म्हणू," मी म्हणाले.

"त्या पानाची झेरॉक्स द्याल?" तिने विचारलं. "हिच्या बाबांना दाखवते."

मी काढून दिली.