गळाला मासा लागेपर्यंत

मासे न पकडण्याचा माझ्याइतका दांडगा अनुभव अख्ख्या ऐरोलीत दुसऱ्या कोणाला असेल असं मला वाटत नाही. मासे पकडणारे पुष्कळ असतात, पण त्यांना घाई असते. मासा मिळाला की ते उठून घरी जातात. मी मात्र एक पूर्ण हिवाळा आणि निम्माअधिक उन्हाळा, दर रविवारी सकाळी, पाण्यात गळ सोडून एकही मासा न घेता घरी परतलेला माणूस आहे. त्यामुळे या विषयावर मी अधिकारवाणीने बोलू शकतो.

तळं आमच्या सोसायटीच्या मागेच आहे. जुन्या गावठाणाच्या कडेचं, गोड्या पाण्याचं, चहूबाजूंनी सिमेंटने बांधून काढलेलं. भोवती चालायला फरसबंद वाट, मधोमध बंद पडलेलं कारंजं आणि ‘पोहण्यास मनाई आहे’ अशी पाटी. गणपतीत त्यात मूर्ती जातात आणि एरवी सकाळी फिरायला येणारी मंडळी पुण्य म्हणून त्यात पाव, पोहे आणि शिळं फरसाण टाकतात. कठड्यावरून पाहिलं तर पाण्याचा रंग मूगडाळीच्या वरणासारखा दिसतो. आत मासे आहेत की नाहीत हा प्रश्न इथे इतकी वर्षं राहून मला एकदाही पडला नव्हता. तो अण्णांमुळे पडला.

अण्णा म्हणजे माझे वडील. वाशीच्या मार्केटात पाठीवर कांद्याच्या गोणी वाहून त्यांनी मला शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर आईला घेऊन ते साताऱ्याकडच्या आमच्या गावी जाऊन राहिले. मागच्या पावसाळ्यात आई गेली. त्याआधीच अण्णांना हृदयाचा एक झटका येऊन गेला होता. गावच्या घरी ते एकटे, शेजारच्या घराला कुलूप आणि डॉक्टर तालुक्याला. मी त्यांना इकडे घेऊन आलो. ते आले, कारण नाही म्हणायचं त्राण तेव्हा त्यांच्यात नव्हतं.

दिवाळी झाली आणि त्राण परत आलं. ‘‘मला गावाला नेऊन सोड,’’ त्यांनी सुरू केलं. मी ऐरोलीतल्याच एका कंपनीत आकड्यांचे तक्ते करतो आणि समोरच्याला पटेपर्यंत पडद्यावर दाखवतो. घरातही मी तेच केलं. रक्तदाब, दवाखान्याचं अंतर, एकटेपणाचे तोटे, सगळं मुद्देसूद मांडलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि खिडकीतून खाली बघत विचारलं, ‘‘त्या तळ्यात मासं हायती का?’’

‘‘आहेत की!’’ मी ठोकून दिलं.

‘‘मग एक धरून दाव. तुज्या गळाला लागू दे न्हाय तर माज्या. लागला, तर ऱ्हातो मी हितं. न्हाय लागला, तर चैतात जत्रेला गावी जायाचं आन् मी तितंच ऱ्हानार. परत न्यायाला यायचं न्हाय.’’

अण्णा लहानपणी कृष्णेवर मासे धरायचे, एवढं मला ऐकून माहीत होतं. मी अट ताबडतोब मान्य केली. एक मासा! हातचा मळ! त्या क्षणी वडिलांचं उरलेलं आयुष्य मी एका जलचरावर लावून बसलोय, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

त्याच रात्री मी ऑनलाइन गळ मागवला. दुर्बिणीसारखा एकात एक बसणारा, चकचकीत रिळाचा. सोबत रबरी किडे, खिशाखिशांचं जाकीट आणि ऊन लागू नये म्हणून मानेपर्यंत पडदा असलेली टोपी. पहिल्या रविवारी असा नटून मी तळ्यावर पोचलो, तेव्हा फिरायला आलेल्या एका बाईंनी मला महापालिकेचा धूरफवारणीवाला समजून त्यांच्या इमारतीत डास झाल्याची तक्रार केली.

बाकावर गावातले एक म्हातारे काका बसले होते. ते रोज तिथेच असतात. आमच्या सोसायटीखालची जमीन एके काळी त्यांच्या भाताची होती. मासे धरायला परवानगी लागते का, असं मी त्यांना विचारलं.

‘‘गल टाक, कोन काय बोलनार नाय,’’ काका म्हणाले. ‘‘जाला टाकलंस तर मंग पोरं तुलाच तलावान टाकतील.’’

‘‘पण मासे आहेत ना?’’

‘‘मावरा हाय. पन तुजे गलाला लागंल का, ते मावऱ्याला इचार.’’

माझी पहिली फेक मागच्या गुलमोहरात गेली. दुसरी पाण्यात गेली, आणि गळ लगेच जडही लागला! मी ओरडत, रीळ फिरवत, अण्णांना हाका मारत तो ओढून काढला. प्लॅस्टिकच्या पिशवीत, हारासकट, विसर्जनाचा नारळ होता. डासांची तक्रार करणाऱ्या बाई फेरी मारून पुन्हा तिथेच पोचल्या होत्या. देवाची वस्तू बाहेर काढली म्हणून त्यांनी मला फैलावर घेतलं आणि नारळ परत बुडवून हात जोडायला लावले. मी जोडले. अण्णा शेजारी दुमडत्या खुर्चीत बसून, साध्या काठीला दोरा बांधून, कणकेची गोळी लावून शांत होते. त्यांनाही काही लागलं नाही, याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो.

पुढच्या रविवारांत मी तळ्यातून एक चप्पल, एक ओढणी आणि कारंज्याच्या नळीचा तुकडा काढला. मासा सोडून त्या पाण्यात सगळं होतं. मग माझ्यातला तक्तेवाला जागा झाला. पाण्यावर किती बुडबुडे येतात, किती वेळाने येतात, हे मोजून मी मत्स्यगणना सुरू केली. पहिल्या हिशेबात मासे इतके निघाले की पाण्याला जागाच उरली नसती. दुसऱ्या वेळी सूत्रात कुठेतरी चूक झाली आणि माशांची संख्या उणे आली. मला ती जास्त खरी वाटली. तो तक्ता मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. त्यावर सेक्रेटरींनी अंगठा दाखवला आणि खाली पार्किंगची सूचना टाकली.

या सगळ्यात चिंता खरी होती, ती वाढत चालली होती. जत्रा जवळ येत होती. अण्णा संध्याकाळी फोनवर गावातल्या भावकीशी बोलायचे, पालखी कधी निघते, घराची कौलं कोण बघतंय वगैरे. त्यांना त्या घरात रात्री काही झालं तर सकाळपर्यंत कोणाला कळणार नव्हतं. मी चिडचिडा झालो. तळ्यावर बसलो तरी अर्धं लक्ष फोनवर असायचं, दर थोड्या वेळाने घड्याळ बघायचो, गळ आपटायचो. अण्णा मधूनच काहीतरी सांगायला लागायचे. आईला मासळीचा वासही सहन व्हायचा नाही, म्हणून ते मासा घरामागच्या परड्यातच भाजून खायचे आणि ती दारात उभी राहून शिव्या घालायची, असलं काही. मी ‘‘हं, हं’’ करत रबरी किडा बदलायचो. घरी बायको वेगळ्याच कारणाने वैतागली होती. आणलेला पाव टिकत नव्हता. माझं पोट दाखवून ती म्हणायची, ‘‘रात्री उठून खातोस ना तू?’’ मी न खाल्लेल्या पावाची बोलणी खात होतो.

जत्रेआधीचा शेवटचा रविवार आला. गाडीची तिकिटं काढलेली होती. अण्णांची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. मग मी तो विचार केला, जो कोणत्याही हुशार माणसाने आधीच केला असता आणि शहाण्या माणसाने कधीच केला नसता. मासा विकत आणायचा.

अण्णा अंघोळीला गेल्यावर मी बाजारात धावलो. मासेवाल्या मावशींकडे बर्फावर एक रोहू होता, चांगला हातभर. ‘‘हा द्या, अख्खाच,’’ असं मी म्हणणार, एवढ्यात साहेबांचा फोन आला. रविवारी! मी पाठ फिरवून ‘‘हो सर, उद्या सकाळी देतो सर,’’ करत राहिलो. वळून बघतो तर मावशींचा कोयता चालू! पर छाटले होते, पोट चिरून साफ केलं होतं आणि एका अंगाची खवलंही उडवून झाली होती.

‘‘अहो मावशी, थांबा! अख्खा पाहिजे!’’

‘‘अख्खाच हाय ना दादा. मसाला भरून तलायचा ना? दुसरी साइड करते की.’’

‘‘नको! ती साइड राहू द्या!’’

मावशींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी मुलाखतीला आलेल्या अगदीच वाया गेलेल्या उमेदवाराकडे बघतो. पण दुसरा मासा बघायला वेळ नव्हता. अण्णांना मोतीबिंदू आहे, चांगली बाजू वर धरू, असं म्हणत मी मासा जाकिटाच्या आतल्या खिशात कोंबला. ते खिसे पहिल्यांदाच उपयोगी पडले.

तळ्यावर अण्णा चहा आणायला टपरीकडे गेले. तेवढ्यात मी रोहूच्या तोंडात गळ अडकवला, त्याला कठड्याखाली पाण्यात सोडला आणि अण्णा परत येताना दिसताच बोंब ठोकली, ‘‘लागला! अण्णा, लागला!’’

अण्णा चहाचे ग्लास सांभाळत आले. मी ग्लास कठड्यावर ठेवून माझ्या गळाची काठी त्यांच्या हातात दिली. मेलेला मासा ओढ देत नाही, हे माझ्या योजनेत नव्हतं. म्हणून मी बाजूला वाकून दोरा हलवत राहिलो. अण्णांनी बादली ओढावी तसा मासा वर घेतला. काठावर ठेवला. मी चपळाईने खवलांची बाजू वर केली. अण्णांनी शांतपणे तो उलटा केला. मग हातात घेतला आणि त्यांचा अंगठा सरळ माशाच्या पोटात गेला.

‘‘आरं,’’ अण्णा म्हणाले, ‘‘ह्याचं काळीज कुटं हाय?’’

बाकावरून काका उठून आले. त्यांनी मासा बघितला, मला बघितलं आणि ते असे हसायला लागले की त्यांना कठडा धरावा लागला. ‘‘पोरा, यो मावरा घरशी तयारी करून आयला का रं? आता कांदा-टामाटा घेऊनशी आला असता तर बरा झाला असता!’’

अण्णाही हसले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. ते डोळे पुसत हसत होते, आणि मी, पडद्याची टोपी घालून, माशाच्या वासाच्या जाकिटात, ढसाढसा रडायच्या बेतात उभा होतो. ‘‘मग काय करू?’’ मी ओरडलो. ‘‘तळ्यात मासाच नाहीये, आणि तुम्ही तिकडे मरायला निघालात!’’

‘‘नाय कसा?’’ काका म्हणाले. ‘‘तुजा बापूस रोज सकालचा येतो, पावाचा गोला लावतो, चिलापी मावरा धरतो न परत सोरतो. तू हापिसान गेलास का लगेच. बामन झायलाय का, मी इचारला पन त्याला, खात का नाय?’’

अण्णांचं हसू थांबलं. त्यांनी मासा खाली ठेवला आणि हात धोतराला पुसले.

‘‘कधीपासून?’’ मी विचारलं.

‘‘पयल्याच आठवड्यात घावला. कनकेला न्हाय येत हितलं मासं, पावाला येत्यात. लोकांनी सवय लावलीया.’’

‘‘मग सांगितलं का नाही? अट तुम्हीच घातलेली ना?’’

‘‘सांगितलं असतं, तर आयतवारी कोन आलं असतं माज्यासंगं बसायला?’’

मी रोहूच्या तोंडातला गळ सोडवायला लागलो.

‘‘जत्रंच्या आदल्या राती सांगनारच व्हतो,’’ अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले. ‘‘जाऊन, द्येवाच्या पाया पडून येऊ दोघं. घराला कुलूप लावून येऊ.’’

फोनकडे बघत, घड्याळाकडे बघत, गळ आपटत मी जे रविवार कसेबसे ढकलले होते, त्यातल्या एकेकासाठी हा माणूस पकडलेला मासा पाण्यात सोडत आला होता. मला स्वतःची लाज वाटली आणि त्याहून जास्त, फार दिवसांनी, मी कोणाला तरी हवा आहे याचा आनंद झाला. मी टोपी काढली आणि त्यांच्या शेजारी जमिनीवरच बसलो. चहा गार झाला होता, तो आम्ही प्यालो.

रोहू काकांच्या सुनेने करून दिला. दुसऱ्या अंगाची खवलं काढताना ती काय म्हणाली, ते मी इथे लिहीत नाही. आम्ही जत्रेला गेलो आणि कुलूप लावून दोघंही परत आलो. पाव आता मी दोन आणतो. फोन रविवारी सकाळी घरीच असतो. महागड्या गळाला अजून काही लागलेलं नाही, आणि अण्णांच्या काठीला काही लागलं तर मी पटकन दुसरीकडे बघतो.

परवाच सोसायटीतले एक नवे भाडेकरू हातात कोरा गळ घेऊन आले आणि त्यांनी चौकशी केली, इथे काही मिळतं का. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मी अण्णांकडे.

‘‘छ्या!’’ आम्ही दोघंही एकदमच म्हणालो. ‘‘या तळ्यात मासाच नाही.’’