थरच्या चाचांना दिलेला पत्ता

मस्कतच्या आमच्या कामगार बराकीत, उद्या कायमचे घरी निघालेले इस्माईलचाचा आज शेवटची बाजरीची भाकरी थापत होते, थेट माझ्या आईसारखी. ते पाकिस्तानातल्या थर वाळवंटाकडचे, मी दुष्काळी माण तालुक्याचा. दोन्हीकडे पाऊस कमी, म्हणून बाजरी. सातवीत शाळा सोडलेल्या मला एवढाच भूगोल कळतो. टायफॉइडमध्ये याच हातांनी त्यांनी मला दूधभाकरी भरवली होती.

"पत्ता दे बेटा, पोराच्या लग्नाची पत्रिका धाडतो," ते म्हणाले.

तिकडचं पाकीट गावात आलं, तर पोलीस आईला काय काय विचारतील? गोरा साहेब धर्म बघून रेघ ओढून गेला. त्या रेघेची राखण मात्र आम्हीच करतो. मी गावाचं नाव खोटं लिहिलं. चाचांनी तो कागद डोळ्यांना लावला आणि जपून खिशात ठेवला.