अंगाबरोबर बसलेलं कव्हर

गादीवाल्यांविषयी मला फार थोडं ठाऊक आहे. इतकी वर्षं आम्ही एकाच जिन्यानं चढलो-उतरलो, पण त्यांच्याकडे निवांत बसून चहा घेतल्याचं आठवत नाही. विमानतळावर जे घडलं तेही त्यांच्या मुलाकडून ऐकलेलं. तेव्हा चुकलं तर ते माझं.

सोफ्यांना कापड चढवण्यात त्यांची हयात गेली. गाळ्यात सदा कापसाचा आणि फोमचा भुगा उडत असायचा. तोंडाला फडकं बांधा म्हटलं की म्हणायचे, "तोंड बांधलं तर गिऱ्हाइकाशी भांडू कुठून?" त्या भुग्यानं शेवटी छातीत बिऱ्हाड केलं. म्हातारपणी श्वासाचं मशीन खांद्याला आलं. बाहेरची हवा ओढून त्यातला प्राणवायू ते नळीनं नाकात सोडायचं. त्याच्यावाचून त्यांना जिना चढवत नसे.

बायको लेकीकडे म्हणून गेली आणि तिथेच अर्धांगानं आडवी झाली. लेकीचं गाव फार लांब. तिथवरचा गाडीचा प्रवास डॉक्टरांनी गादीवाल्यांना साफ नाकारला. लेकीनं फोन केला, "बाबा, आई दाराकडे बघत पडून असते. तिचं काही खरं नाही. लवकर या."

संसारभर बायकोनं कुठे चला म्हटलं की गादीवाल्यांचं उत्तर ठरलेलं, "ऑर्डर आहे." सासू गेली तेव्हासुद्धा एक सोफा पोचता करून मग हे पोचले होते. आता मात्र त्यांना जायचंच होतं.

मुलानं धावपळ करून डॉक्टरांचं पत्र आणलं, विमान कंपनीला आधी कळवलं, जादा बॅटऱ्या हातातल्या पिशवीत ठेवल्या. इकडे गादीवाल्यांनी मशीनचं माप घेतलं. प्रवासात धूळ फार, आपली छाती धुळीनंच खाल्ली, निदान याची तरी राखावी, असा त्यांचा हिशोब. उरलेल्या भारी कापडाला आतून पातळ फोम लावून त्यांनी कव्हर शिवलं. नळीला भोक ठेवलं, दिव्यांना खिडकी ठेवली. बाजूची, हवा आत घ्यायची जाळी मात्र झाकली. धूळ शिरणार ती तिथूनच. चेन लावली नाही. चेन लावली की काम ढगळ दिसतं. मशीन आत घालून कडा हातानं शिवून टाकल्या. थोडा वेळ चालवून पाहिलं, चाललं.

"नव्या नवरीसारखं नटवलंत की," मुलगा म्हणाला.

"अंगाबरोबर बसलंय बघ. सुरकुती दाखव एक."

विमानतळावर रांग लांब होती. गादीवाले चाकाच्या खुर्चीत, मशीन मांडीवर. मांडी भाजायला लागली तरी ते बोलले नाहीत. काउंटरपाशी पोचले आणि मशीन वाजू लागलं. लाल दिवा लागला.

काउंटरवरची बाई म्हणाली, "आजोबा, हे असं वाजत असताना मी तुम्हाला सोडू शकत नाही."

"बाबा, कव्हर काढा आधी."

"कव्हराचा काय संबंध? बॅटरी बदल."

बॅटरी तरी कशी बदलणार? तीही आतच शिवलेली. मुलानं कड धरून ओढली, दातानं दोरा तोडायला गेला. मागची माणसं बघत होती. कुणीतरी हसलं.

"हातानं नाही उसवायचा तो," गादीवाले धापा टाकत म्हणाले. "माझा टाका आहे."

खिशात कात्री बाळगल्याशिवाय हा माणूस कधी घराबाहेर पडला नव्हता. आज विमानात चालत नाही म्हणून ती घरी ठेवली होती. बाईनं मुदत संपेपर्यंत वाट पाहिली आणि काउंटर बंद केलं.

बाहेर टॅक्सीवाल्याकडून पातं घेऊन मुलानं कव्हर फाडलं. जरा वेळानं मशीन थंड झालं, लाल दिवा गेला. घरी पोचेपर्यंत ते एकदाही वाजलं नाही.

"जन्मभर आईला नेलं नाहीत कुठे," मुलगा म्हणाला, "आणि आज जायचं तर स्वतःला शिवून घेतलंत."

त्यावर ते एवढंच म्हणाले, "ताईला कव्हराचं सांगू नकोस. मशीन बिघडलं म्हण."

मुलगा तसंच म्हणाला. लेकीनं मशीन विकणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, आत्ताच तुमच्या वडिलांकडे जाऊन तपासून आलोय, मशीनला काही झालेलं नाही. लेकीनं ते आईला जसंच्या तसं सांगितलं. आईची जीभ जड झाली होती, तरी तिचे शब्द लेकीला कळले. तेच तिनं वडिलांना फोनवर ऐकवले, "आई म्हणाली, त्यांना यायचंच नव्हतं."

गादीवाल्यांनी तेव्हाही कव्हराचं नाव काढलं नाही. भेटल्यावर तिला सांगेन, मुलाला म्हणाले. पुन्हा पत्र, पुन्हा परवानगी, यात दिवस गेले आणि तेवढ्यात बायको गेली. मग तिकीट कुणी काढलं नाही. त्यांना यायचंच नव्हतं, आईला एवढंच ठाऊक होतं, लेकीलाही तेवढंच ठाऊक राहिलं.

त्यानंतरच्या थंडीत एका सकाळी ते मला जिन्याच्या वळणावर बसलेले दिसले. मशीन उघडंच मांडीवर, संथ चाललेलं. माझ्या हातात भाजीची पिशवी होती.

"पाणी येतंय का वर?" मी विचारलं.

"येतंय. बारीक आहे."

"मग भरून ठेवायला हवं."

"हो, ठेवा भरून," ते म्हणाले आणि मला वाट द्यायला भिंतीकडे सरकले.