परबांच्या फळीवरची नावं

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. स्वयंपाकघराच्या दारामागे एका पिशवीत बाकीच्या पिशव्या कोंबलेल्या असतात, तसे ते आपोआप साठतात. एक ओढायला जावं, तर चार बाहेर येतात. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत जिन्याखालच्या बाकड्यावर आम्ही निवृत्त मंडळी संध्याकाळी बसतो, तिथे अशी एक पिशवी आहे. तिच्यात सर्वात जास्त माल दत्ताराम परबचा. परब माझा शेजारी, आणि ऑफिसातही शेजारच्याच टेबलावर. आयुष्यात तो बरंच काही जिंकला. कसं, ते सांगतो.

*

चाळीत दरवर्षी सत्यनारायणाच्या पूजेनिमित्त स्पर्धा होतात. बक्षीस स्टीलचं भांडं, त्यावर विजेत्याचं नाव कोरलेलं. लालबागचा भांडीवाला खरेदीच्या वेळी नाव फुकट घालून देतो, नंतर नेलं तर अक्षराप्रमाणे आकार लावतो. म्हणून आमचे सेक्रेटरी पेडणेकर नावं आधीच घालून आणतात. "कोण जिंकणार ते सगळ्यांना ठाऊकच असतं," हे त्यांचं म्हणणं.

आम्ही तरुण होतो तेव्हा धावण्याची शर्यत मनोहर मोरे जिंकणार, याबद्दल कोणालाच शंका नव्हती. त्याचे पाय कबड्डीतले. पण शर्यतीच्या वळणावर कोणीतरी नुकतीच गोधडी धुऊन साबणाचं पाणी ओतलं होतं. मोरे घसरला, मागचा त्याच्यावर पडला, त्याच्या मागचा त्या दोघांवर. सर्वात शेवटी येणारा परब त्यांना वळसा घालून, "लागलं काय रे?" असं विचारून पुढे गेला आणि जिंकला.

तांब्या घरी आला. त्यावर सुबक अक्षरांत 'म. गो. मोरे'.

*

पुढच्या वर्षी कॅरम. फायनलच्या दिवशी तावडेचे गाल गालगुंडाने फुगले आणि परबला वॉकओव्हर मिळाला. फोटोसाठी एक स्ट्रोक मार म्हटल्यावर त्याने मारला, तो स्ट्रायकर सरळ पॉकेटमध्ये.

फोटोग्राफर म्हणाला, "समोर कोणी नाही, तरी हरताय तुम्ही."

तावडेच्या नावाचं ताट परबच्या फळीवर मोरेच्या तांब्याशेजारी बसलं.

*

मग परबचं लग्न ठरायची वेळ आली. मुलीचे वडील घर बघायला आले. परबच्या आईने हौसेने बक्षिसाची भांडी काढली. गृहस्थांनी पाणी पिऊन तांब्या फिरवला, नाव वाचलं. पोहे संपवले, ताटावरचं नाव वाचलं.

"भांडी शेजारून आणलीत वाटतं," ते म्हणाले.

"नाय हो," आई म्हणाली, "जिंकलेली आसत ती."

गृहस्थांनी तांब्या पुन्हा हातात घेतला. मग म्हणाले, "हे मोरे काय करतात? लग्न झालंय का त्यांचं?"

मोरेचं झालं होतं. म्हणून सुनंदावहिनी परबांच्या घरी आल्या.

*

ऑफिसात हेडक्लार्कच्या जागेसाठी दोन सीनियर होते. दोघांनी एकमेकांविरुद्ध इतके अर्ज केले, की साहेबांनी कंटाळून दोघांनाही बाजूला ठेवलं आणि तिसऱ्याला, म्हणजे परबला, खुर्ची दिली. पण एका सीनियरलाच जागा मिळणार या भरवशावर टेबलावरची पाटी आधीच रंगवून आली होती. 'श्री. कुलकर्णी.' नवी पाटी पुढच्या बजेटमध्ये, असं ठरलं. आमच्या ऑफिसात पुढचं बजेट म्हणजे काय, ते मी सांगायला नको. निरोप समारंभात मोठ्या साहेबांनी "आपले लाडके कुलकर्णी" म्हणून त्याच्याच गळ्यात हार घातला. परबने उत्तराच्या भाषणात कुलकर्णींचेही आभार मानले.

*

या सगळ्यावर बाकड्यावर नेहमी वाद होतो. मोरे अजून साबणाचं पाणी विसरलेला नाही.

"परब्या, तू जिंकला नाहीस. आम्ही पडलो."

"मी पडलो नाही, हे तरी माझंच ना?"

"शेवटचा होतास तू. पडायला तिथे पोचलास कुठे?"

भाजी घेऊन येणाऱ्या सुनंदावहिनी जिन्यात थांबल्या. "भावोजी, धावणाऱ्याने खालीसुद्धा बघायचं असतं," म्हणाल्या आणि वर गेल्या.

मोरेने खाली बघितलं. पण परबचाही चेहरा पडला होता. सगळे गेल्यावर तो मला म्हणाला, "नात विचारते, आजोबा, आपलं आडनाव नक्की काय? एकदा तरी माझं नाव घातलेलं भांडं फळीवर यायला हवं रे."

"मग लालबागला जा आणि घालून आण."

"विकतचं नको. आणि कोणाच्या पडण्यातलंही नको."

*

यंदा चाळीची शेवटची पूजा झाली. आता चाळ पाडून टॉवर होणार. शेवटचं म्हणून पेडणेकरांनी ज्येष्ठांची चालण्याची शर्यत ठेवली. फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं आणि परत यायचं. चार नावं आली, त्यातल्या दोघांना सुनांनी परवानगी नाकारली. उरले परब आणि मोरे. परब डायबिटीसमुळे रोज पहाटे मैदानाला फेऱ्या मारतो आणि मोरेचा गुडघा गेलेला. पेडणेकर निर्धास्तपणे लालबागला जाऊन आले. मोठा डबा, त्यावर ठसठशीत 'द. रा. परब'. परबने तो पूजेच्या आदल्या दिवशी तीनदा पाहिला.

शिट्टी झाली. टाकीला वळसा घालून, मोरेला काही पावलं मागे टाकून परब परत येताना दिसला. तोंड हसरं, हात लयीत. गॅलरीतून वहिनी आणि नात बघत होत्या. मी पंच म्हणून फाटकाशी खुर्ची टाकून बसलो होतो. त्याला फार तर दहा-बारा पावलं उरली होती, तेवढ्यात मागे धप्प आवाज झाला.

मोरे बसला होता. गुडघ्याने दगा दिला.

परब थांबला. एकदा फाटकाकडे बघितलं, एकदा मागे.

"ऊठ रे मोऱ्या," तो ओरडला. "आज पडायचं नाही."

"तू जा. जिंकतोयस."

"ऊठ म्हणतो ना."

तो उलटा गेला. मोरेच्या काखेत हात घालून त्याने सगळा जोर लावला. मोरे उठला, आणि त्याच जोरात परबच्या चपलेचा अंगठा तुटला. परब मटकन खाली बसला. मोरे उठला तो तोल सावरण्यासाठी पुढे पुढे पावलं टाकत गेला, आणि थांबला तो माझ्या खुर्चीला धरून. फाटकाच्या बाहेर.

नियमाप्रमाणे मी हात वर केला.

संध्याकाळी पूजेच्या मांडवात पेडणेकरांनी डबा मोरेच्या हातात दिला. मोरे तो घेऊन सरळ परबच्या खुर्चीकडे आला.

"हा तुझा आहे."

"छे. तू जिंकलास."

"मी कसला जिंकलो? तू पडलास."

"तू उभा होतास ना? झालं तर मग." परबने डबा एकदा हातात घेतला, धोतराच्या टोकाने नावावरून पुसला आणि परत दिला.

"घेऊन जा, मोऱ्या. फक्त फळीवर ठेवताना नाव पुढे येईल असा ठेव."