आठव्या दिवशी जायचं नाही

देवाशी इतकं भांडणारा आणि देवाला इतकं मानणारा माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा नसेल. हे आमच्या समोरच्या घरातले काका. कूलरच्या जळालेल्या मोटरींत नवी तार भरून द्यायचं त्यांचं महाल भागात दुकान आहे. तारेचे वेढे मोजावे लागतात, तेवढा वेळच काय तो त्यांच्या तोंडाला आराम. मे महिन्यात लाइट गेली की सगळी गल्ली तक्रारीचे फोन लावत बसते; काका बनियनवर अंगणात येऊन वर बघतात. "मालका, माणसं भाजून राहिली इथं, तू काय करून राहिला गा?" एकदा मी म्हणालो, "कसला मालक, काका? त्याच्या हातात काही आहे असं वाटत नाही." काका खवळलेच. "मंग माह्यं भांडण कोणासंग हाय भाऊ? ज्याच्या हातात काहीच नाही, त्याले कोण बोलते?"

काका ख्रिस्ती. दुकानात वार्निशचे डाग पडलेला बायबलचा 'जुना करार' असतो आणि तो उघडला की नेमकी एकच गोष्ट निघते: गुरंढोरं, लेकरं, तब्येत, सगळं गमावून बसलेल्या एका भल्या माणसाची. काका ती अशी सांगतात, की तो शेजारच्या इतवारीतलाच कुणी वाटावा. त्याचे मित्र आले आणि सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. "तेवढं लय चांगलं केलं. मंग आठव्या दिवशी तोंड उघडलं, अन् देवाच्या वतीनं समजावाले लागले. तिथंच चुकले."

म्हणून काकांचा नेम असा, की दुःखाच्या घरी सात दिवस जायचं, चकार शब्द काढायचा नाही आणि आठव्या दिवशी जायचंच नाही. माझे वडील गेले तेव्हा ते रोज येऊन चपलांच्या ढिगाशेजारी बसत. बोटं मात्र हवेतच तार गुंडाळत. चौथ्या दिवशी मावशीनं मला हळूच विचारलं, "हे जन्माचेच मुके आहेत का रे?"

मी पुढे त्यांना विचारलं होतं, की देवानं त्या माणसाला शेवटी कारण काय सांगितलं?

"काहीच नाही. उलटे त्यालेच प्रश्न इचारले. पाऊस कोण पाडते, रानातल्या बकऱ्या कधी विते, तुले माहीत हाय का?"

"हे काय उत्तर झालं?"

"उत्तर नाहीच देल्लं. पण सोता आला ना, भाऊ."

मला ते काही पटलं नव्हतं.

गेल्या मे महिन्यात रामदासपेठेतल्या दवाखान्यात काकू वारल्या. मी काकांच्या घरी सात दिवस तोंड न उघडता जमिनीवर बसलो. येणारा प्रत्येक जण देवाची बाजू मांडून जात होता. काका ऐकत होते आणि एकदाही वर बघत नव्हते. त्यांनी देवाशी बोलणंच टाकलं, याची मला फार भीती वाटली. आठव्या दिवशी नेमाप्रमाणे मी गेलो नाही.

संध्याकाळी लाइट गेली. मी कान देऊन बसलो. समोरून आवाज नाही. मग आमचं फाटक वाजलं.

"आज काहून नाही आले?"

"आठवा दिवस ना, काका."

"तो नेम बोलणाऱ्यांसाठी हाय. तुम्हाले कुठं बोलता येते?"

ते माझ्याशेजारी पायरीवर बसले. मग त्यांनी मान वर केली.

"मालका, हे मले पटलं नाही. बिलकुल पटलं नाही."

एवढंच म्हणाले आणि रडू लागले. ती "मालका" अशी हाक ऐकून मलाही रडू आलं. लाइट यायला तासभर लागला. आम्ही तसेच बसून होतो.